मोजणीचा दिवस

फोन युनूसभाईचा होता. सकाळचे पावणेदहा झाले होते. चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात तो क्रेन चालवतो, तिथून त्याचा फोन आला की मागे लोखंडावर लोखंड आपटत असतं आणि आम्हा दोघांनाही ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी मागे काहीच आवाज नव्हता. "दादा, प्रेस में आदमी आ गया," तो म्हणाला. मी सव्वीस वर्षं बातमीदारी केली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी तोंडातून आधी सवयीचे प्रश्न बाहेर पडतात. किती जण? "एक." जिवंत आहे? "नहीं." नाव? ... तो म्हणाला, "आप को मालूम है, दादा. कायकू पूछरे?"

शवागाराच्या दारात कर्मचारी म्हणाला, चेहरा बघायचा आग्रह धरू नका. नोकरीत अशा दारांतून मी कितीतरी वेळा आत गेलो आहे. या वेळी बाहेर थांबलो. डाव्या हाताला तीन बोटं नाहीत का, एवढं विचारलं. नाहीत, असं उत्तर आलं. ओळख पटवायला तेवढं पुरेसं होतं.

अंकुशची आणि माझी ओळखही त्याच तीन बोटांमुळे झाली होती. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. औद्योगिक वसाहतीत एका कामगाराचा हात प्रेसमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनमध्ये, सापडल्याची चार ओळींची बातमी मी दिली होती. 'दोन बोटांना किरकोळ दुखापत' असं त्यात होतं. पाचव्या दिवशी चोवीस वर्षांचा एक काळा, काटक माणूस आमच्या कचेरीत आला आणि टेबलासमोर उभा राहिला. "ही बातमी कुनी लिवली?" मी लिहिली, म्हटलं. त्याने बँडेज बांधलेला हात माझ्या कागदांवर ठेवला. बँडेज ओलं होतं, कागदावर डाग पडला. "मोजा," तो म्हणाला. मी मोजलं. "दोन नाय, तीन. अन् किरकोळ काय असतंय, साहेब? तुमच्यात तीन बोटं किरकोळ धरतेत का?" मशीनवर समोरासमोर दोन माणसं होती. समोरच्याला वाटलं, याने हात काढला. त्याने बटण दाबलं. एवढंच घडलं होतं. दुरुस्ती छापतो असं मी कबूल केलं, पण पानावर जागा झाली नाही, तेही तो पुन्हा आला तेव्हा त्याला खरं सांगितलं. तो हसला. "मंग चहा तरी पाजा." चहा उजव्या हाताने प्यायला. त्या दिवसापासून तो मला दादा म्हणू लागला.

त्याचं गाव फुलंब्रीच्या पलीकडे. घरात मेंढरं. बाप रोज संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी उभा राहायचा आणि एकेक मेंढरू आत जाताना एकेक खडा डाव्या मुठीतून उजव्या मुठीत घ्यायचा. खडे उरले नाहीत की वाडा बंद. एकदा बापाला ताप होता, म्हणून मोजणी अंकुशकडे आली. वय अकरा. शेजारच्या गावात कुस्त्या होत्या, त्याला तिकडे पळायचं होतं. त्याने मोजलं नाही आणि मोजलं म्हणून सांगितलं. सकाळी ओढ्यात मेंढी सापडली. लांडग्यांनी पोट फाडून आतडी दहा हात ओढत नेली होती. ती गाभण होती. बापाने ते कलेवर पोराच्या खांद्यावर दिलं, गावातून चालवत आणलं आणि मग काठी मोडेपर्यंत मारलं. हे सांगताना अंकुशच्या आवाजात बापाबद्दल राग नसायचा. "मार लागला त्येचं काय नाय, दादा. मोजलं म्हनून सांगितलं व्हतं... ते लागलं."

बोटं गेल्यावर त्याला मशीनवरून काढून देखभालीच्या कामावर टाकलं. तिथे तो वाढला. जुनं मशीन उखडून नव्या शेडमध्ये बसवायचं असलं की कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कुठे दोन टोळ्या एकमेकींच्या पायात येतील, हे त्याला कागद न बघता सांगता यायचं. पण हुद्दा सुपरवायझरचा आणि शिक्षण आयटीआयचं. प्रकल्प व्यवस्थापकाची जागा दोनदा निघाली, दोन्ही वेळा बाहेरून तरुण इंजिनिअर आले. त्यांना काम अंकुशने शिकवलं. दुसऱ्या वेळी तो कारखान्याच्या साहेबांना विचारायला गेला. साहेब म्हणाले, काम येतं रे तुला, पण कागद कुठाय? त्याने चाळिशीत कागद मिळवायचं ठरवलं. छावणीच्या बाजूला एका इमारतीत प्रकल्प व्यवस्थापनाचा शनिवार-रविवारचा वर्ग चालायचा. तिथे तो दोन वर्षं गेला. पोरं त्याला काका म्हणायची. पहिल्या परीक्षेत इंग्रजीने त्याला आपटलं, दुसऱ्यांदा तो पास झाला.

शिकलेलं तो माझ्याकडे येऊन बोलून दाखवायचा. मोठ्या कामाचे तुकडे कसे करायचे, कुठला तुकडा कुठल्या तुकड्यासाठी अडून बसतो, कोणत्या वाटेवर एक दिवस गेला की अख्खं काम एक दिवस मागे पडतं. "ह्ये तर कळपाचंच हाय," तो म्हणायचा. "म्होरली मेंढी अडली की समदी अडतेत. मागली अडली तर एकटीच अडती." संगणकावरचे तक्ते त्याला जमत होते, पण विश्वास बसत नव्हता. घरच्या भिंतीवर त्याने एक मोठी फळी ठोकली होती. दिवसागणिक एक खिळा, आणि खिळ्याखिळ्यातून लोकर ओढलेली. काळी लोकर पायाच्या कामाची, तांबडी विजेची, आणि ज्या दिवशी सगळं थांबवून फक्त मोजायचं, त्या दिवसाच्या खिळ्याला पांढऱ्या लोकरीची गाठ. मेहुण्याचं लग्न त्याने याच फळीवर मांडलं तेव्हा त्याची बायको, कमलवहिनी, चिडल्या. "लगीन हाय का मशीन? नवरीला बी क्रेननं उचलून ठिवता का?" अंकुश गंभीरपणे म्हणाला, "आचारी अन् पानी येकाच खिळ्यावर हायत. ते बघ आधी." लग्नात आचारी आला, पाण्याचा टँकर आला नाही. वहिनींनी ते पुढे कधी कबूल केलं नाही.

वर्गात एकदा काम दिलं होतं: प्रकल्पात काय काय बिघडू शकतं त्याची यादी करा आणि समोर उपाय लिहा. इतरांनी पाऊस, वीज, मालाला उशीर असं लिहिलं. अंकुशची यादी मी पाहिली आहे. एक, माणूस आत राहील. दोन, आत कोणी नाही असं सगळ्यांना वाटेल. तीन, साहेबांना घाई असेल. तिसऱ्यावर वर्ग हसला. पहिल्या दोन्हींसमोर त्याने 'मोजणी' असं लिहिलं होतं. तिसऱ्यासमोरचा रकाना रिकामा होता. त्याचे मार्क कापले गेले.

मोजणीची त्याची स्वतःची एक पद्धत होती. कंपनी कामगारांना लाल कुलपं द्यायची: मशीनच्या आत जाताना मुख्य स्विचला आपलं कुलूप लावायचं, बाहेर आल्यावर काढायचं. चौघांत एक कुलूप लागायचं, एखादं तसंच विसरलं जायचं आणि मग ते कापून काढायची सवय पडायची. अंकुशने स्विचशेजारी प्लायवूडचा फळा लावला, खिळे मारले, खिळ्यांखाली नावं लिहिली आणि सांगितलं, आत जाणाऱ्याने घरची किल्ली इथं टांगायची. "कंपनीचं कुलूप मानूस इसरतो. घरची किल्ली इसरून कुनी घरी जात नाय." ज्याने टांगली त्यानेच काढायची. फळा रिकामा झाल्याशिवाय स्विच चालू करायचा नाही.

युनूसभाई तेव्हा एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर नवा आला होता. "घर की चाबी? मेरी बीवी भी इत्ती चौकशी नहीं करती!" असं म्हणून सगळ्यांना हसवत तो किल्ली न टांगता मशीनखालच्या खड्ड्यात उतरला. अंकुशने त्याला कॉलर धरून वर ओढलं आणि एक चापट लावली. युनूसने डोकं मारलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज क्रेनपर्यंत गेला, असं सांगतात. अंकुश खाली बसला नाही. स्विचला पाठ लावून उभा राहिला, हनुवटीवरून रक्त गळत होतं, आणि वीस मिनिटं तो एकच वाक्य बोलत होता: "किल्ली लाव." शेवटी युनूसने खिशात हात घातला. पुढे हे दोघं इतके जवळ आले की अंकुशचं वाकडं नाक दाखवून युनूस म्हणायचा, "इस नाक का कारीगर मैं हूँ." मी एकदा चारचौघांत हा किस्सा सांगताना युनूसने हल्ला केला असं म्हणालो. अंकुशने मला मध्येच थांबवलं. "पहिली चापट माझी व्हती, दादा. तेबी सांगा."

या वर्षी कंपनीने जुन्या शेडमधला सर्वांत मोठा प्रेस नव्या शेडमध्ये न्यायचं ठरवलं आणि काम अंकुशकडे दिलं. वेळेत झालं तर उद्घाटनाच्या दिवशी प्रकल्प व्यवस्थापकाचं पत्र, असं साहेबांनी सांगितलं. त्याने अडतीस दिवसांचा आराखडा केला. अडतिसाव्या दिवशी उद्घाटन, सदतिसाव्या दिवशी मोजणी. मग मुहूर्त निघाला तो एक दिवस आधीचा. कुठून तरी एक दिवस काढणं भाग होतं. एका रविवारी दुपारी तो आराखडा घेऊन माझ्याकडे आला. "भाषा तेवढी बघा, दादा." भाषा बघता बघता मी त्या ओळीवर आलो: 'दिवस ३७. कोणतेही काम नाही. फक्त मोजणी.' मी म्हटलं, आपल्याच आराखड्यात 'कोणतेही काम नाही' असं कुणी लिहितं का? दोनदा डावललंय तुला. तिसऱ्यांदा त्यांच्या हातात कारण कशाला देतोस?

"मोजनी हाय ती."

"मोजणीला अख्खा दिवस?"

"मोजायला तासभर, दादा. येक कमी निघालं तर हुडकायला दिवस."

मी पेन्सिलीने ती ओळ कापली. पानावर जागा कमी पडली की जशी कापतात तशी, सरळ. "साहेबबी ह्येच म्हनले," तो म्हणाला. मग कागद घडी करून खिशात ठेवला. "बरं... मी त्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मोजून घेतो."

पुढचं मी पाहिलेलं नाही. पंचनामा आणि चार जणांनी मला सांगितलेलं, यांवरून लिहितो. कमलवहिनी आणि मुलगी आरती उद्घाटनाच्या आदल्या दिवशी माहेरी फुलंब्रीला गेल्या होत्या. तिथून त्या थेट कार्यक्रमाला येणार होत्या. अंकुश घराला कुलूप लावून साडेसहाला शेडमध्ये आला. माणसं मोजली, एकतीस. सगळी बाहेर. हत्यारं मोजली. बावीस नंबरचा एक पाना कमी निघाला. पुन्हा मोजली, पुन्हा एक कमी. नऊला दहा मिनिटं असताना तो युनूसला म्हणाला, मी आत बघून येतो. युनूस म्हणाला, एक पाने के वास्ते? "पाना आत ऱ्हायला अन् वरचा ठोकळा खाली आला तर गोळीवानी उडतंय. म्होरं बायापोरं बसनारेत." त्याने घरची किल्ली खिळ्याला टांगली आणि मशीनच्या पोटात उतरला. युनूसला साहेबांनी पाहुण्यांसाठी गेटवर पाठवलं.

नवं मशीन असो की जुनं, बटण दाबण्याआधी पूजा होते. स्विचच्या पेटीवर स्वस्तिक, हार, खाली नारळ. सजावट करणाऱ्या दोघांना पेटीशेजारचा तेलकट फळा नजरेत खुपला. त्यांनी तो काढून गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्यांमागे भिंतीला उलटा टेकवला आणि त्या जागी झेंडूचं तोरण लावलं. फळ्यावर एकच किल्ली होती. ती खाली पडली नाही. ते दोघं वाईट माणसं नव्हती, आणि त्या कारखान्यात देवाच्या जागेवरून घाण वस्तू कुणालाही बाजूला करावीशी वाटली असती. अंकुश कुठे आहे, असं एकाने विचारलं. कपडे बदलायला गेला असेल, असं दुसरा म्हणाला. नऊ वाजून अठरा मिनिटांनी गुरुजींनी वेळ झाली म्हणून सांगितलं, मुख्य स्विच चालू झाला आणि साहेबांनी दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली. वरचा ठोकळा एकदा पूर्ण खाली आला. पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर मशीनच्या बुडातून रक्त बाहेर आलं, आधी बारीक, मग रांगोळीच्या एका बाजूवरून.

कमलवहिनी आणि आरती तेव्हा गेटवर वहीत नाव लिहीत होत्या. टाळ्या त्यांनीही ऐकल्या. युनूस धावत आत आला, त्याने आधी फळा शोधला, मग साहेबांना. साहेबांचे दोन दात पडले, त्यांची मान युनूसच्या हातातून सोडवायला पाच माणसं लागली. त्यांनी पुढे तक्रार दिली नाही. ठोकळा वर घ्यायला तासभर गेला. उजव्या मुठीत बावीस नंबरचा पाना होता. तो मुठीतून काढता आला नाही. प्रेत घरी आणायचं म्हणून अंगणात माणसं जमली तेव्हा घराला कुलूप होतं आणि किल्ली कारखान्यात. शेजाऱ्यांनी हातोड्याने कुलूप फोडलं आणि आत जागा केली.

चौकशी झाली, सील लागलं, निघालं. मशीन सुरू करायला परवानगी मिळाली, पण ते कुणी सुरू करेना. युनूसने फळा पुन्हा जागेवर लावला होता, अंकुशच्या नावावर त्याची किल्ली तशीच होती. ज्याची किल्ली, त्याचाच हात, असं सगळे म्हणत होते. नऊ दिवस हे चाललं. दहाव्या दिवशी कंपनीचा एक अधिकारी घरी आला. त्याने एक पाकीट पुढे ठेवलं, पूजेच्या ताटाखाली सापडलेलं, कोपऱ्यावर कुंकू लागलेलं. आत प्रकल्प व्यवस्थापक म्हणून नेमणुकीचं पत्र होतं. वहिनींनी ते वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "ह्ये आता कुनी सांभाळायचं?" त्याने पाकीट पुन्हा वहिनींपुढे सरकवलं. मग हलकेच म्हणाला, "वहिनी, तुम्ही येऊन किल्ली तेवढी घेऊन गेलात तर..."

आम्ही तिघं गेलो, वहिनी, आरती आणि मी. शेडमध्ये सगळे रांगेत उभे होते. वहिनी फळ्यापाशी गेल्या, हात वर केला आणि थांबल्या.

"आत कोन हाय?"

"कुणी नाही, वहिनी," नवा इंजिनिअर म्हणाला.

"मोजलं का?"

इंजिनिअरने युनूसकडे पाहिलं.

"मंग मोजा. मला घाई नाय."

एकाने खुर्ची आणली. त्या बसल्या नाहीत. युनूसने एकेक नाव घेतलं, एकेक माणूस पुढे येऊन उभा राहिला. तीस. मग हत्यारं. बावीस नंबरचा नवा पाना धरून पाने पूर्ण होते, पण एक विजेरी कमी निघाली. अकरा वाजले होते. ती मशीनच्या मागच्या गटारात सापडली तेव्हा चार वाजले होते. तेवढा वेळ नव्या शेडमध्ये कोणतंही काम झालं नाही. मग वहिनींनी किल्ली काढली. युनूसने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो फळ्याकडे बघत होता.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो, एक गोष्ट सांगायची होती म्हणून. ती ओळ मी कापली होती, असं सांगितलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "ठावं हाय. ह्यांनी सांगितलं व्हतं. दादाबी म्हनले, साहेबबी म्हनले, मंग मी कापून टाकली... असं म्हनले." मग म्हणाल्या, "तुमी लिवनार असाल तर दोन नाय, तीन लिवा." ती बोटांची गोष्ट त्यांना माहीत होती, हे मला माहीत नव्हतं. म्हणून नोंदवतो. ती ओळ साहेबांनी काढायला सांगितली, मी कापली आणि अंकुशने मान्य केली. तीन.

घराला आता नवं कुलूप आहे. जुनी किल्ली कशालाच लागत नाही. निघताना मी भिंतीवरच्या फळीकडे पाहिलं. शेवटच्या कामाची लोकर अजून तशीच ताणलेली होती, काळी, तांबडी. कागदावर जो दिवस मी कापला होता तो अंकुशने भिंतीवरून काढलाच नव्हता. सदतिसाव्या खिळ्याला पांढरी गाठ होती, आणि त्याच खिळ्याला वहिनींनी ती किल्ली टांगली होती. आरती दप्तर घेऊन बाहेर निघाली. दारात थांबून तिने मागे वळून विचारलं, "आई, आत कोण आहे?"

"मी हाय," वहिनी म्हणाल्या. मग आरतीने दार लोटून घेतलं.